तीन बोटे लाकूड

माझ्या वडिलांनी आयुष्यात दोनच गोष्टी हट्टाने केल्या. शिरगावला घर बांधले आणि घरामागे जांभूळ लावले. बदलापुरात राहून दारी जांभूळ नसणे म्हणजे कोकणात नारळ विकत घेणे, असे ते म्हणत. ते गेले, जांभूळ वाढत राहिले.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या मुळाशी भेग पडली आणि खोड किंचित शेजाऱ्यांच्या पत्र्याकडे झुकले. शेजारीण काही बोलली नाही. पण वारा सुटला की मुलांना घेऊन पुढच्या खोलीत बसे. मला तेवढे पुरे झाले. १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरातले झाड, स्वतःच्या अंगणातले असले तरी, परवानगीवाचून तोडता येत नाही. ती मिळवली. धाकट्या भावाला मात्र कळवले नाही. घराच्या वाटणीवरून आमचे फाटले होते. त्याला लिहिलेले अखेरचे पत्र टपालात टाकायचे तेवढे बाकी होते.

झाड पाडणारा मशीनची करवत घेऊन आला. पण तासभर त्याने ती सुरूच केली नाही. शेजाऱ्यांना घराबाहेर काढले, पत्र्यावरच्या फांद्या उतरवल्या, अंगणाच्या बाजूला दोर ताणला. स्वतःला पळायला मागे तिरकी वाट साफ केली. मला म्हणाला, "मास्तर, झाडाच्या दुप्पट लांब उभे राहा."

मग अंगणाच्या बाजूने खोडाच्या चौथाईइतकी खाच घेतली. मॅट्रिकपर्यंतची सारी भूमिती मला त्या खाचेत दिसली. करवतीचे टोक तो लाकडाला लागू देत नव्हता. ते वरच्या अंगाने लागले तर मशीन उसळून तोंडावर येते. मागून काप घेत त्यात पाचर ठोकली आणि मध्ये तीन बोटे लाकूड राहिले असता तो थांबला.

"अहो, तेवढे कशाला ठेवता?" मी ओरडलो.

"तेवढंच तर झाडाला धरून आहे, मास्तर! ती बिजागरी. ती तोडली तर झाड कुणाच्या घरावर जाईल, सांगता येत नाही."

पाचरीवर आणखी दोन घाव बसले. दार लोटावे तसे जांभूळ सावकाश अंगणात आडवे झाले. शेजारच्या पत्र्याला पानही लागले नाही.

आई खोडावर हात ठेवून बसली होती. "धाकट्याला कळव," म्हणाली, "झाड त्याचंही होतं."

रात्री मी ते पत्र फाडले. दुसऱ्या पत्रात वाटणीचे सारे लिहिले, आणि शेवटी एक ओळ जादा लिहिली: लाकूड तुझ्याशिवाय वाटत नाही, दिवाळीला ये.