वय झालं म्हणजे काय झालं?

इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठाला थॉमसन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या नदीतल्या एका बेटावर लोक उन्हाळ्यात तंबू ठोकून राहायला येतात. मे संपत आला की या तंबूंच्या आसपास पेंटेड टर्टल जातीच्या कासवी अंडी घालायला पाण्यातून वर चढतात. जागा पसंत पडली की कासवी मागच्या पायांनी माती उकरू लागते. जमीन कडक असली तर अंगातलं पाणी सोडून ती मऊ करते. तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा चंबूसारखा खड्डा तयार होतो. त्यात ती दहाएक अंडी घालते, माती सारखी करते आणि मागे वळून न बघता पाण्यात परत जाते. या सगळ्यात तिला आपली मागची बाजू एकदाही दिसत नाही. सगळं काम पायांच्या स्पर्शावर चालतं.

कासवी नुसत्या नजरेने पिल्लांचं पोषण करते, अशी आपल्या संतपरंपरेतली धारणा. मला ती फार प्रिय आहे. थॉमसनची कासवी पिल्लांना कधीच भेटत नाही, पण आईपण तिथेही कमी नाही; फक्त ते सगळं आधीच उरकलेलं असतं. अंड्यात किती पोषण भरलं आणि खड्डा कुठे खणला, एवढ्यावर तिचं देणं संपतं. त्यातली जागेची निवड तर फारच मोलाची. या कासवांमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे मातीच्या उष्णतेवर ठरतं. ऊबदार घरट्यातून माद्या निघतात, गार घरट्यातून नर. झाडाच्या सावलीत खणायचं की उघड्यावर, या एका निर्णयात पुढच्या पिढीचं रूप ठरून जातं.

फ्रेडरिक जॅन्झन या शास्त्रज्ञाने १९८८ साली इथे काम सुरू केलं. दर उन्हाळ्यात विद्यार्थी बेटावर मुक्काम करतात, कासवींवर नजर ठेवतात, अंडी घालून झाली की घरटं हलक्या हाताने उघडून अंडी मोजतात. कासवीच्या कवचाच्या कडेला कानशीने बारीक खाचा पाडलेल्या असतात. कुठल्या पट्टीवर किती खाचा, यावरून तिचा क्रमांक वाचता येतो. एकदा घातलेली ही खूण वर्षानुवर्षं टिकते. जॅन्झनने १९९४ सालीच दाखवून दिलं होतं की पिल्लांतलं नर-मादीचं प्रमाण जुलैच्या सरासरी तापमानाबरोबर हलतं, आणि तापमान चार अंश सेल्सिअसने वाढलं तर नर जन्मणंच थांबू शकेल. पण मला या बेटाची ओढ लागली ती दुसऱ्या प्रश्नामुळे. या कासवी म्हाताऱ्या होतात का?

माझ्या आईच्या गुडघ्यांचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, "वय झालं, चालायचंच." आईने मान डोलावली. मला मात्र ते उत्तर पुरलं नाही. वय होणं म्हणजे वर्षं उलटणं. वर्षं उलटली म्हणून शरीराने का झिजावं? जखम भरून काढणारं, हाड सांधणारं, एका पेशीपासून अख्खा जीव उभा करणारं शरीर स्वतःची नुसती डागडुजी करायला का थकतं?

जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला याचं एक विलक्षण उत्तर मांडलं. रानात बहुतेक प्राणी म्हातारपणाआधीच मरतात. कुणी शिकाऱ्याच्या तोंडी जातो, कुणी थंडीने, कुणी रोगाने. त्यामुळे उतारवयात डोकं वर काढणारे दोष निसर्गाच्या निवडीला दिसतच नाहीत. तोवर पिल्लं होऊन गेलेली असतात, आणि ते दोष पुढच्या पिढीत निमूट उतरतात. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ साली याला आणखी धार लावली: तरुणपणी फायद्याची ठरणारी जनुकंच पुढे नडत असतील, तरी निवड त्यांच्याच बाजूने कौल देईल.

या तर्काची परीक्षा घ्यायला सरपटणाऱ्या प्राण्यांसारखे साक्षीदार नाहीत. पुष्कळ कासवं वयात आल्यावरही वाढत राहतात आणि मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. म्हणजे वयस्क मादी निवडीच्या नजरेतून उतरत नाही, उलट तिची किंमत वाढते. वर कवचामुळे अपमृत्यूही कमी. मग अशा जीवाला म्हातारपण यावंच का? मिशिगनमधल्या ई. एस. जॉर्ज अभयारण्यात जस्टिन काँग्डन यांनी ब्लँडिंग कासवांचा दीर्घ अभ्यास केला, तेव्हा वयस्क माद्या तरुण माद्यांच्या तोडीस तोड किंवा जास्तच अंडी देताना दिसल्या. तिथे १९५४ साली खूण केलेली एक मादी २०१६ मध्ये पुन्हा सापडली, तेव्हा तिचं वय किमान ८३ होतं.

थॉमसनच्या बेटाने मात्र वेगळी साक्ष दिली. डॅनियल वॉर्नर हे उत्क्रांती-परिस्थितिकीचे अभ्यासक; सरपटणाऱ्या प्राण्यांची वीण हाच त्यांचा विषय. जॅन्झन, ॲन ब्रोनिकोव्स्की आणि डेव्हिड मिलर यांच्यासह त्यांनी वीसहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०१६ साली निष्कर्ष मांडला. म्हाताऱ्या कासवी अंडी भरपूर घालतात, पण त्यांतली फुटून पिल्लं बाहेर येण्याचं प्रमाण घसरतं. शिवाय वाढत्या वयाबरोबर त्यांच्या मरणाची शक्यताही वाढते.

या निष्कर्षापाशी मी खूप रेंगाळले आहे. अंडी मोजून अभ्यास थांबवला असता, तर या कासवींना म्हातारपण नाही असंच कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. वरून सगळं ठीक होतं. कासवी वर येत होती, खणत होती, खड्डा भरत होती. झीज तिच्या अंगावर दिसत नव्हती, ती अंड्याच्या आत जाऊन बसली होती. तिचा पत्ता लागला तो केवळ अंड्यांचं पुढे काय झालं हे कुणीतरी चिकाटीने बघत राहिलं म्हणून. म्हातारपण कुठे शोधायचं हेसुद्धा आधी ठाऊक नसतं, हे मला या कामाने शिकवलं.

कॅलिफोर्नियातल्या ईगल सरोवराच्या परिसरात स्टीव्हन अर्नल्ड यांनी सुरू केलेला आणि ब्रोनिकोव्स्की यांनी पुढे नेलेला गार्टर सापांचा अभ्यासही याच वाटेवरचा. एकच जात, पण सरोवराकाठचे साप झपाट्याने वाढतात, लवकर वयात येतात, एका वेळी जास्त पिल्लं देतात आणि लवकर मरतात. जवळच्याच डोंगरातल्या कुरणांवरचे साप हे सगळं सावकाश करतात आणि जास्त जगतात. दोन्हीकडची पिल्लं प्रयोगशाळेत सारख्या परिस्थितीत वाढवली तरी वाढीतला फरक पुरता मिटत नाही. म्हणजे तो रक्तातच उतरला आहे. हाकेच्या अंतरावर एकाच जातीचं आयुष्य दोन तऱ्हांनी घडतं. मग "वय झालं" हे एकच वाक्य सगळ्यांना कसं पुरावं?

२०२२ साली 'सायन्स'मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी आले. एकात सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या ७७ जातींच्या रानातल्या नोंदी होत्या, दुसऱ्यात प्राणिसंग्रहालयांतल्या ५२ जातींच्या कासवांच्या. या ५२ पैकी सुमारे तीन चतुर्थांश जातींत वार्धक्य अगदी मंद किंवा नगण्य दिसलं. बातम्यांनी याचं लगेच अमरत्व करून टाकलं, ते मला पटत नाही. नगण्य वार्धक्य म्हणजे मरणाची शक्यता वयाबरोबर वाढत नाही, एवढंच. मरण येतंच, रोगाने येतं, अपघाताने येतं. तेल मागत नर्मदाकाठी फिरणाऱ्या अश्वत्थाम्याला मरण नाही आणि त्याची जखम भरत नाही. या कासवांचं नेमकं उलटं आहे: मरण आहे, पण जखमेचं ओझं वर्षागणिक वाढत नाही. दोहोंतलं एक निवडायला सांगितलं तर मी क्षणाचाही विचार करणार नाही.

आपल्या कोकणाशी हे सगळं थेट जोडलेलं आहे. वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपण्याचं काम सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या मंडळींनी आणि गावकऱ्यांनी उभं केलं. त्या कामाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण सागरी कासवांच्या संख्येचं गणित १९८७ सालीच सांगून गेलं आहे की नुसती अंडी वाचवून भागत नाही. समुद्रातली वाढलेली कासवं वाचली तरच जात सावरते. ट्रॉलरच्या जाळ्यात कासवाला निसटायला झडप ठेवायची, हा आग्रह त्याच गणिताने बळकट केला. वयात यायला वर्षानुवर्षं घेणारी एक मादी गेली, तर तिची जागा शंभर अंडी लगेच भरून काढत नाहीत.

आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माद्या किती वयाच्या आहेत? टॅग नसेल तर मादी ओळखताच येत नाही, मग वय कुठून कळणार? २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची मादी थेट कोकणात! पंखासारख्या पायावरच्या धातूच्या पट्टीवर आकडे होते म्हणून हे कळलं. एरवी पहाटे वाळूत तिच्या सरपटण्याची वाट तेवढी दिसते आणि त्या मागावर घरटं सापडतं. हॅचरीच्या नोंदीत तारीख, अंड्यांची संख्या, बाहेर आलेली पिल्लं हे सगळं नेमानं लिहिलं जातं. ती कुणाची अंडी, हे लिहायला बहुतेकदा ती मादी कुणी पाहिलेलीच नसते. एखाद्या घरट्यातली निम्मी अंडी फुटत नाहीत, तेव्हा वाळू तापली होती की आई थकली होती, हे आज सांगता येणार नाही. त्यासाठी रात्री किनाऱ्यावर थांबून एकेका मादीला टॅग लावावा लागेल आणि तीच परत येते का, हे वीसेक वर्षं पाहत राहावं लागेल. रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांतली जी मुलं आज प्राणिशास्त्र शिकत आहेत, त्यांच्या नोकरीच्या काळात हे सहज बसतं. सुरुवात येत्या हंगामातच करता येईल.