आबिड्सचा हलका ‘पाय’

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही उभयता हैदराबादेस जाऊन आलो. चारमिनार व गोवळकोंडा पाहण्याची हौस होतीच. परंतु जाण्याचे खरे कारण निराळे होते. आमची थोरली बहीण लग्नानंतर तिकडेच स्थायिक झाली आहे. तिच्या यजमानांस, म्हणजे आमच्या भावोजींस, उन्हाळ्यात छातीत कळ येऊन आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले होते. ताई दूरध्वनीवर ‘आता बरे आहेत’ एवढेच सांगे. पण तिच्या आवाजावरून घरात सारेच काही बरे नसावे, असे आम्हांस वाटत असे. एकदा डोळ्यांनी पाहून यावे म्हणून निघालो.

मुंबईहून सुटलेली रात्रीची गाडी पुणे, सोलापूर, कलबुर्गी, वाडी अशी मजल करीत हैदराबादच्या नामपल्ली स्थानकात येते. शहाबाद व तांडूरच्या बाजूस रुळांकडेने फरशीच्या लाद्यांच्या थप्प्या दिसू लागल्या की दख्खनच्या पठारात आपण खोलवर शिरलो हे ओळखावे. नामपल्लीहून आबिड्स अगदी जवळ. या पेठेच्या नावाची कथा मोठी गमतीची आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान १९११ पर्यंत गादीवर होते. त्यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद नावाच्या गृहस्थांनी येथे एक मोठे दुकान थाटले. पुढे दुकान गेले, दुकानदार गेले, निजामाचे राज्यही गेले; नाव मात्र चौकास चिकटून राहिले. आज येथे टपालकचेरीची भव्य इमारत आहे, १८३४ साली स्थापन झालेली सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल आहे, कापडाची व जोड्यांची दुकाने आहेत, आणि रविवारी पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

आम्हां मराठी माणसांस हैदराबाद अगदीच परके वाटत नाही. १९५६ पर्यंत सारा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि कित्येक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आली आहेत. येथील दख्खनी बोलीने आपला एक शब्द तर कायमचा उचलला आहे. रिक्षावाल्यापासून नवाबाच्या वंशजापर्यंत जो तो ‘नक्को’ म्हणतो. तो आपला ‘नको’च होय. हा शब्द पुढे एकदा आमच्या कामी यावयाचा आहे, म्हणून येथे सांगून ठेवतो.

घरी पोहोचलो तो दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. ताईने आमची पाने मांडली, सूनबाईची व नातवंडांची मांडली. भावोजींचे पान मात्र दिसेना. विचारले तेव्हा समजले की, ते बारा वाजताच आतल्या खोलीत एकटे जेवून घेतात. दोन फुलके, बिनफोडणीचे वरण व उकडलेली भाजी. आम्ही आत जाऊन त्यांच्यापाशी बसलो. ते हसून म्हणाले, “माझ्यासमोर तुम्हांला मोकळेपणाने खाता येत नाही, आणि तुमच्यासमोर मला हे खाववत नाही. मग वेळाच वेगळ्या केल्या.” बोलणे हसण्याचे होते, परंतु ज्या घरात चाळीस वर्षे हा गृहस्थ सर्वांच्या मध्ये बसून गप्पा मारीत जेवला, त्या घरात त्याचे ताट दाराआड गेले होते. ताईच्या आवाजात जे ऐकू येई ते हेच, हे आम्हांस त्या क्षणी कळले.

वैद्यांनी त्यांस रोज अर्धा तास चालण्यास सांगितले होते. सायंकाळी आम्ही त्यांच्याबरोबर निघालो. गनफाउंड्रीवरील सेंट जोसेफचे कॅथेड्रल प्रथम लागते. १८७० साली त्याची पायाभरणी झाली व १८७५ च्या नाताळात ते खुले झाले. तेथे क्षणभर टेकून आम्ही आबिड्सचा उतार उतरलो व मोअज्जम जाही मार्केटपर्यंत गेलो. दगडी बांधणीचे व घड्याळाच्या मनोऱ्याचे हे मार्केट १९३५ सालचे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ मध्ये याच परिसरात कराची बेकरी सुरू केली. या भागात बेकऱ्यांना तोटा नाही. सातव्या निजामांच्या नावाची उस्मानिया बिस्किटे, कर्री पफ, अंड्याचे पफ यांचा दरवळ सायंकाळी रस्त्यावर येतो. हैदराबादेची स्वतःची म्हणावी अशी वस्तू म्हणजे लुखमी. मैद्याची चौकोनी पारी, आत खिमा, आणि कढईत तळलेली. लग्नाच्या मेजवानीस तिच्यावाचून शोभा नाही. लुकमा म्हणजे घास. त्यावरून हे नाव.

एका बेकरीच्या काचेसमोर भावोजी थांबले. “कचेरी सुटली की मी येथे उभा राहत असे,” ते म्हणाले. “एक पफ आणि एक चहा. पगार झाला की दोन पफ.” मग स्वतःच मान हलवून पुढे चालू लागले. आम्हांस त्यांच्या संयमाचे कौतुक वाटले, आणि वाईटही वाटले.

शनिवारी रात्री ताईने जाहीर केले, “उद्या पाय करणार आहे.” आम्ही दचकलोच. हैदराबादेत सकाळी निहारीबरोबर जो पाया खातात तो आम्हांस ठाऊक होता. हृदयाच्या दुखणेकऱ्यास बकऱ्याच्या पायांचा रस्सा! आमचे चेहरे पाहून सूनबाई पोट धरून हसली. ताई म्हणाली, “अरे, पाया नव्हे, पाय! साहेब लोकांचा. भांड्यात सारण, वर पारी, आणि भट्टीत भाजायचा.” म्हणजे गोव्याच्या सणावारी ज्या लहान लहान एम्पादा करतात त्यांचाच थोरला भाऊ, आणि आपल्या करंजीचा दूरचा नातलग.

रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी ताईस एक गोष्ट समजावून दिली होती, ती आम्ही येथे देतो, कारण सारे मर्म तिच्यात आहे. एक ग्रॅम पिठातून वा मांसातील प्रथिनांतून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धातून ९. पाय, पफ, लुखमी यांत जड काय असते? आपण खिम्यास दोष देतो. परंतु खरा भार पारीत असतो. सहा जणांच्या नेहमीच्या पायास वरखाली मिळून ३०० ग्रॅम मैदा व १५० ग्रॅम लोणी किंवा वनस्पती लागते. वनस्पती घेतले तर केवळ पारीचेच सुमारे २४०० उष्मांक झाले, म्हणजे माणशी ४००. पापुद्र्यांच्या पफात तर स्निग्धांश याहूनही अधिक. वनस्पतीतील अपायकारक ट्रान्स मेदावर सरकारने २०२२ पासून शेकडा २ची मर्यादा घातली आहे, हे चांगलेच झाले. पण वजन वाढविण्याच्या कामी तूप, तेल, वनस्पती सारी सख्खी भावंडे आहेत.

तेव्हा ताईने खालची पारी काढूनच टाकली. वरची एकच ठेवली.

तिची कृती अशी. चरबी काढलेला पाव किलो खिमा थोड्या पाण्यात शिजवून गार करावा. वर गोठून येणारी चरबी चमच्याने काढून टाकावी. दोन कांदे एका मोठ्या चमच्याइतक्या तेलात परतावेत. त्यात आले, लसूण, हिरवी मिरची, मग बारीक चिरलेला कोबी, गाजर, फरसबी व मटार मिळून अर्धा किलो घालावे. भाज्या अर्ध्या कच्च्या असताना खिमा मिसळावा. मिरपूड, पुदिना, कोथिंबीर व लिंबू सढळ हाताने, मीठ मात्र जपून. कोरडी भाजलेली चमचाभर कणीक घातली म्हणजे सारण मिळून येते. ते पूर्ण आटवून गार करावे. ओल राहिली तर पारी भिजून चामट होते. पारीसाठी १५० ग्रॅम कणीक, चिमूटभर मीठ व तीन मोठे चमचे तेलाचे कडकडीत मोहन. दह्याचा एक चमचा व थंड पाणी घालून घट्ट मळावे व अर्धा तास झाकून ठेवावे. सारण पसरट भांड्यात भरून वर पातळ लाटलेली पारी बसवावी, कडा दाबाव्यात, वाफ जाण्यास मध्ये दोन चिरा द्याव्यात, अंड्याऐवजी दुधाचा हात फिरवावा. २०० अंशांच्या भट्टीत अर्ध्या-पाऊण तासात ती बदामी होते. या पारीचे उष्मांक सुमारे ९००, माणशी १५०.

ताईचा पहिला प्रयत्न साफ फसला होता, हेही सांगितले पाहिजे. हलके करण्याच्या भरात तिने तेल एकच चमचा घातले होते. पारी अशी कडक झाली की सुरी वाकली, आणि नातवंडांनी तिचा ढोल केला. हलकेपणासही मर्यादा असते, असे ती म्हणाली.

रविवारी मिस्सा आटोपून आलो. दीड वाजता ताईने पाने मांडली, आणि या वेळी भावोजींचे पान मधोमध होते. त्यांस निराळे काहीच वाढावयाचे नव्हते. सर्वांस एकाच भांड्यातून. ताईने पारीत सुरी घातली, पुदिन्याची वाफ वर आली. प्रत्येकास एक वाटा, बाजूस काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. भावोजींनी पहिला घास घेतला व बराच वेळ काही बोलले नाहीत. मग १९७० सालच्या कोणत्या तरी क्रिकेट सामन्याची गोष्ट सुरू झाली, आणि ती हात वाळेपर्यंत संपली नाही. ताई ती गोष्ट शंभरदा ऐकलेली असूनही नव्याने ऐकत होती.

धाकट्या नातवाने उलथने पुढे करून विचारले, “आजोबा, आणखी एक?” भावोजींनी पोटावर हात ठेवून खास हैदराबादी सुरात म्हटले, “नक्को!” सारे हसले. पाच महिने ते प्रत्येक पदार्थास नको म्हणत आले होते. तृप्त होऊन म्हटलेला हा पहिलाच नको होता.

पाय हे औषध नव्हे. भावोजींचे वजन सहा किलोंनी उतरले ते रोजच्या चालण्याने, वैद्यांच्या गोळ्यांनी आणि मापात खाण्याने. हा पदार्थही ते पंधरवड्यातून एकदाच खातात, आणि वाटा एकच. ज्यांस साखरेचा वा हृदयाचा विकार आहे त्यांनी आपल्या वैद्यांस विचारूनच आहार ठरवावा.

परत आल्यावर आम्ही एक सुताराची टेप घेऊन घरातील सर्वांची कंबर मोजली. भारतीय पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही सीमा तज्ज्ञांनी सांगितली आहे. आमच्या घरात तिघे सीमेपार निघाले. पूर्वी आपली माणसे पहाटेपासून वाडीत राबत, मोटेवर घाम गाळीत. आता पंप पाणी काढतो, दुचाकी बाजारात नेते. सणाचे ताट मात्र तेवढेच भरलेले आहे.

गावी भट्टी नाही म्हणून कोणी अडू नये. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर व त्यावर कडे ठेवून पाय मंद आचेवर भाजता येतो. चूल असल्यास झाकणावर निखारे ठेवावेत, गोव्यात बेबिंकेस ठेवतात तसे, म्हणजे वरची पारीही बदामी होते. आमच्या सौ.ने तो केला. थोडा एका बाजूस करपला. पण कोणाचेही पान वेगळे मांडावे लागले नाही.