टोपी डॅशबोर्डवर

पुण्याच्या पेठेत राहणाऱ्या माणसाला आज सम तारीख की विषम, हे कॅलेंडरपेक्षा रस्त्यावरून लवकर कळते. गाड्या पी 1 च्या बाजूला लागल्यात की पी 2 च्या, एवढे गॅलरीतून बघितले की झाले. चुकीच्या बाजूला राहिलेल्या दुचाक्या उचलायला टोइंगचा टेम्पो येतो. भोंग्यावरून नंबर पुकारले जातात, जिन्यांवर चपला वाजतात, कुणी गालावरचा फेस तसाच ठेवून धावत येतो. या पळापळीत एक गाडी मात्र निवांत उभी असते. तिच्या नंबरपाटीच्या वर लाल-निळ्या पट्टीत 'पोलीस' लिहिलेले असते. टेम्पोवरची पोरे तिच्या अलीकडची गाडी उचलतात, पलीकडची उचलतात आणि पुढच्या चौकाकडे निघून जातात.

माझा जळफळाट व्हायचा. आमच्याच इमारतीत एक निवृत्त फौजदार राहतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्यापाशी विषय काढला तर ते माझ्यावरच उखडले. "अहो, मारामारीचा कॉल आलाय, तिथे कोयते निघालेत, आणि आम्ही काय आज सम की विषम बघत फिरायचं? पे अँड पार्कची पावती घ्यायची? उशीर झाला की पहिले तुम्हीच बोंब मारणार, पोलीस वेळेवर येत नाहीत म्हणून!"

याला उत्तर नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलेही आहे. एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात दोघांची जुंपली. काचेची बरणी फुटली, कुणीतरी 112 ला फोन केला. बीट मार्शलची मोटारसायकल आली ती थेट झेब्रा पट्ट्यांवर आडवी लागली. साइड स्टँड डांबरात रुतलेला, हेल्मेट आरशाला अडकवलेले अजून हलत होते आणि दोघे शिपाई दुकानात शिरलेसुद्धा. मागे रिक्षा, बस, स्कूटर सगळे अडले, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. पुण्यात ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे! गाडी तिथे का उभी आहे हे प्रत्येकाला दिसत होते.

पण तीच मोटारसायकल सकाळी अमृततुल्यासमोर, बसथांब्याच्या ऐन तोंडाशी उभी असते. बसला कडेला येता येत नाही म्हणून ती रस्त्याच्या मधोमध थांबते. मंडईची पिशवी घेतलेली म्हातारी मागच्या दाराने उतरते तेव्हा तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये दुचाक्यांची धार वाहत असते. शिपाई तेव्हाही ड्यूटीवरच असतो. अंगावर वर्दी, खांद्याला वॉकीटॉकी. त्याने चहा पिऊ नये असे मी म्हणणार नाही. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या माणसाचा चहा काढणारा मी कोण? पोलिसांना आठ तासांची पाळी असावी म्हणून मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात प्रयोग सुरू झाला तो 2016 साली. म्हणजे इतकी साधी गोष्टसुद्धा इतक्या उशिरा आणि तीही प्रयोग म्हणून. चहा त्याने जरूर घ्यावा. गाडी पंधरा पावले पुढे लावावी, एवढेच.

म्हणून 'ड्यूटीवर असलेल्या पोलिसाला पार्किंगच्या नियमांतून सूट' ही अण्णांसारख्यांची मागणी मला आता ढिसाळ वाटते. ड्यूटीत कोयत्याचा कॉल येतो, समन्स बजावणे येते, कोर्टात कागद पोचवणे येते आणि पोहेही येतात. यातल्या पहिल्यासाठी झेब्रा अडवावा लागतो, बाकीच्यांसाठी नाही. सूट द्यायची तर त्या कामाला द्यावी, त्याच्या घाईला द्यावी. माणसाला किंवा गाडीला एकदा दिली की ती चिकटते. मग बंदोबस्त संपल्यावर लग्नाच्या हॉलबाहेर खासगी गाडी लागते आणि डॅशबोर्डवर टोपी उलटी ठेवलेली असते, आतला पट्टा काचेतून दिसेल अशी. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांना आणि सरकारी नोकरांना काचेमागे ठेवायला परवाने देतात. त्यांचा गैरवापर तिथे जुने दुखणे आहे, नकली परवानेही निघतात आणि काही जण नुसते चमकते जाकीट डॅशबोर्डवर पसरून काम भागवतात. आपल्या टोपीचेच भाऊबंद.

गंमत म्हणजे आपला कायदा या बाबतीत बऱ्यापैकी शहाणा आहे. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. तातडीच्या सेवेच्या गाड्यांना दिवे राहिले. त्याच वर्षीच्या वाहन चालवण्याच्या नियमांत अग्निशामक दल, रुग्णवाहिका आणि पोलीस यांना सिग्नल ओलांडण्याची मुभा आहे, पण ती तातडीच्या कामावर असताना, भोंगा-दिवा चालू ठेवून आणि इतरांना सांभाळून. आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 210-ब आले. ज्यांच्याकडे या कायद्याची अंमलबजावणी सोपवली आहे त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. वाचून मी खूश होऊन अण्णांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचले आणि विचारले, "छान आहे. पण फाडणार कोण?"

खरी गोम तिथेच आहे. पावतीपुस्तक असो की ई-चलनाचे मशीन, ते ज्याच्या हातात असते त्याला समोरच्या गाडीवाल्याबरोबरच उद्या बंदोबस्ताला उभे राहायचे असते. 1982 साली दिल्लीत पंतप्रधानांच्या ताफ्यातल्या गाडीला चुकीच्या पार्किंगची पावती मिळाली, तो किस्सा आपण किरण बेदींच्या नावावर सांगतो. ती पावती फाडली होती एका फौजदाराने, बेदी वाहतूक शाखेच्या उपायुक्त म्हणून त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. चाळीस वर्षे होऊन गेली तरी तो किस्सा जिवंत आहे, याचा अर्थ त्यानंतर तसे फारसे घडले नाही असाच मी लावतो.

शिवाय पोलिसांचे सगळ्यात मोठे पार्किंग आपल्या डोळ्यांना दिसेनासे झाले आहे. कुठल्याही जुन्या ठाण्याबाहेरचा फुटपाथ बघा. मुद्देमाल म्हणून जप्त केलेल्या स्कूटर, रिक्षा, एखादी चेपलेली व्हॅन. टायर बसलेले, सीटमधून पिंपळाचे रोप वर आलेले, नंबरपाटीला बांधलेल्या लेबलावरची शाई उडून गेलेली. सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितले की अशी वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन सोडून द्यावीत. तरी ती उभी आहेत. त्यांना ना सम तारीख ना विषम. माणसे मुकाट फुटपाथवरून उतरून रस्त्याने चालतात.

मला पोलिसांकडे असलेल्याच एका वस्तूवर भरवसा ठेवावासा वाटतो. ठाण्यातली स्टेशन डायरी. कोण कुठे गेला, किती वाजता परतला, हे तिच्यात लिहायची पद्धत जुनी आहे. पोलिसांची गाडी नियमाबाहेर उभी दिसली की कॅमेऱ्याने इतरांसारखाच तिचाही फोटो काढावा. त्या वेळी त्या जागी कॉल होता अशी डायरीत नोंद असेल तर चलन रद्द व्हावे, कुणाला स्पष्टीकरण द्यायला लावू नये. औषधाच्या दुकानातल्या त्या शिपायांना याचा काडीचा त्रास होणार नाही, त्यांची नोंद तर 112 च्या कंट्रोल रूममध्ये आपोआप झालेली असते. नोंद नसेल तर साध्या चुकीच्या पार्किंगला पहिल्या खेपेस पाचशेपर्यंत दंड आहे, त्याचे हजार घ्यावेत आणि ते चलन वाहतूक शाखेच्या हातात न ठेवता आरटीओने काढावे. कलम पुस्तकात आहे, कॅमेरे चौकात आहेत, डायरी ठाण्यात आहे. नवा कायदा करावा लागणार नाही.