शनिवार, दुपारी एक

ॲन आर्बरला मी पोचलो 1984च्या ऑगस्टमध्ये. पुण्याहून निघताना ज्यानं त्यानं थंडीबद्दल बजावलं होतं, फुटबॉलबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळे सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी दूध आणि अंडी आणायला बाहेर पडलो, तेव्हा अख्खं गाव निळे-पिवळे कपडे घालून एकाच दिशेला का चाललंय ते कळेना. लोकांनी आपल्या अंगणातल्या हिरवळीवर परक्यांच्या गाड्या लावून घेतल्या होत्या आणि त्यांची पोरं ‘पाच डॉलर’ लिहिलेले पुठ्ठे धरून रस्त्यावर उभी होती. गाड्यांच्या डिक्या उघडून शेगड्या पेटल्या होत्या. लांबून बँड येत होता. एखाद्या गावची जत्राच, फक्त देव कुठला ते समजत नव्हतं.

त्या दिवशी तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या संघानं आदल्या वर्षीच्या विजेत्या मियामीला 22-14 असं हरवलं. एक लाखाहून जास्त लोक बसतील एवढं ते स्टेडियम, बोलीभाषेत ‘बिग हाऊस’, आणि मी त्या वाडग्याच्या अगदी वरच्या रांगेत. खेळ कळायला मला दोन मोसम लागले. वेळ मात्र लगेच पाठ झाली: शनिवार, दुपारी एक. चारच्या सुमारास सामना संपायचा, पाचला आम्ही पाच-सहा मराठी पोरं कुणाच्या तरी खोलीवर खिचडी टाकायचो. नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडतो, म्हणून सामना एकचा. मैदानावर दिवेच नव्हते. सूर्य जे ठरवेल ते.

माझी घरमालकीण सत्तरीची. ती तिकीट काढायची नाही. ओट्यावर रेडिओ लावून अंगणातली पानं गोळा करायची आणि टचडाउन झाला की हातातलं दाताळं उंच धरायची. टीव्हीवर का नाही पाहत, असं विचारलं तर म्हणाली, टीव्हीवर असतोच कुठे? तोवर खरंच फारसा नसायचा. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संस्थेनं 1950च्या दशकापासून दूरचित्रवाणीला दारातच उभं केलं होतं. लोक घरी बसून बघायला लागले तर मैदानं ओस पडतील, ही भीती. शेवटच्या करारात तर नियम असा होता की कुठलाही संघ दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त सहा वेळा पडद्यावर दिसेल.

मी यायच्या दोन महिने आधी, जून 1984 मध्ये, तो दरवाजा मोडला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी खटला भरला होता: आमचे सामने आमचे, विकू आम्ही. सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट, स्वतः एकेकाळी कोलोरॅडोचे गाजलेले कॉलेज फुटबॉलपटू. मैदानातली माती अंगाला लागलेला माणूसच हे विकू नका म्हणत होता. या खटल्यात पुढे आलेला एक किस्सा मला फार आवडतो. 1981च्या एकाच शनिवारी ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचा सामना दोनशेच्या वर केंद्रांवरून दिसला, आणि ॲपलाचियन स्टेट विरुद्ध सिटाडेल हा फक्त चार केंद्रांवरून. चारही संघांना पैसे मात्र सारखे मिळाले. याला अन्याय म्हणायचं की पंगत, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला पंगत वाटते.

गंमत म्हणजे दार मोडल्यावर सुरुवातीला पैसा वाढला नाही, घटलाच. सगळेच एकदम माल घेऊन बाजारात बसले की भाव पडणारच, हे आमच्या मार्केट यार्डातला कोणीही हमाल सांगेल. मग जो तो आपापला गट धरून सौदा करू लागला. नोत्र दामनं तर एकट्यानंच एनबीसीशी करार केला, 1991पासून घरचे सगळे सामने एका वाहिनीला.

पुढची कथा ओळखीची आहे, पण तिच्यातले विनोद सांगितल्यावाचून राहवत नाही. मिशिगन ज्या गटात खेळतं त्याचं नाव ‘बिग टेन’. माझ्या वेळी त्यात खरोखर दहा विद्यापीठं होती. अकरावं आलं तेव्हा बोधचिन्हाच्या मोकळ्या जागेत 11 आकडा लपवला. आता अठरा आहेत आणि नाव तेच. 2014 मध्ये न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ घेतलं, ते काही त्यांच्या खेळावर भाळून नव्हे. न्यूयॉर्कच्या परिसरातल्या लाखो घरांच्या केबल बिलात गटाच्या स्वतःच्या वाहिनीची वर्गणी घालता यावी म्हणून. त्याच परिसरात, एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तो रात्र जागून सह्याद्रीवरच्या ट्रेकचे व्हिडिओ बघतो. पण बिग टेनच्या संसाराला त्याचाही हातभार लागत होता.

या वाहिनीचा जन्म 2007च्या ऑगस्ट अखेरचा. लगेच 1 सप्टेंबरला तिच्यावर मिशिगनचा सामना होता, ॲपलाचियन स्टेटशी. हो, तेच चार केंद्रांवाले. त्यांनी बिग हाऊसमध्ये येऊन मिशिगनला 34-32 असं लोळवलं. आमच्या केबलवाल्याचा वाहिनीशी सौदा जमला नव्हता, त्यामुळे ती नामुष्की मी पाहिली नाही. गॅरेजमध्ये बसून रेडिओवर ऐकली, घरमालकिणीसारखी.

मग 2010 मध्ये स्टेडियमवर दिवे बसले आणि पुढच्या वर्षी तिथला पहिला रात्रीचा सामना झाला. सूर्याची नोकरी गेली. आता एक सामना बाराला, दुसरा साडेतीनला, तिसरा रात्री साडेसातला. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांनी 2022 मध्ये बिग टेनला सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून जास्त कबूल केले, मग कुठला सामना किती वाजता हे त्यांनीच ठरवायचं ना. त्याच ओढीनं लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं या गटात आली, मागोमाग ओरेगन आणि वॉशिंग्टन. पॅसिफिक किनाऱ्यावरचा 1915 पासूनचा गट उसवत उसवत दोन विद्यापीठांवर आला. स्टॅनफर्ड आता ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात खेळतं. भूगोलाच्या मास्तरांनी कान धरावा असं हे प्रकरण. फुटबॉलवाले विमानानं जातात आणि परततात, ठीक आहे. पण त्यांच्यापायी व्हॉलीबॉलच्या मुलींनाही परीक्षेच्या आठवड्यात लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला जावं लागतं, त्याचा विचार करारात कुठे होता?

तरीही, जुनं ते सोनं म्हणायला जीभ रेटत नाही. मी तेव्हा गणिताचे तास घ्यायचो. माझ्या वर्गात संघातला एक दांडगा मुलगा होता, पहिल्या बाकावर अंग चोरून बसायचा. एकदा आईनं पाठवलेले बेसनाचे लाडू वर्गात वाटले. त्यानं लाडू हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “सर, हा घेतला तर माझ्यावर बंदी नाही ना येणार?” सगळे हसले. तो पूर्ण हसला नाही. शिष्यवृत्तीपलीकडे कुणाकडून काही घ्यायचं नाही, असा नियमच होता. एक लाख लोक तिकीट काढून त्याला बघायला यायचे आणि त्याला लाडवाची भीती. आता 2025-26पासून प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना वर्षाला मिळून सुमारे दोन कोटी डॉलर थेट वाटता येतात. त्या मुलाला आठवून मला हे बरंच वाटतं. पडद्याचा पैसा आला नसता तर हे झालं असतं का, याचं उत्तर माझ्या सोयीचं नाही.

गेल्या मोसमात नातीला घेऊन गेलो. खेळ रंगात आला की लाल टोपी घातलेला एक माणूस मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो. तो उभा, म्हणजे घरी जाहिराती चालू. बावीस खेळाडू हात झटकत उभे, बँड थोडं वाजवून थांबतो, आणि एक लाख माणसं थंडीत एका टोपीकडे बघत राहतात. नातीनं विचारलं, “आजोबा, हे अंपायर का?” म्हटलं, त्याच्याही वरचे. सामना साडेतीन तास चालला. पूर्वीचा आमचा खिचडीचा मुहूर्त केव्हाच टळला होता.

यंदा आमच्या मंडळाच्या दिवाळीचा कार्यक्रम ॲन आर्बरला आहे, शनिवारी, आणि त्याच दिवशी घरचा सामना. जिथे हॉल घेतलाय तिथे सामना सुटल्यावर तासभर गाडी हलत नाही. सेक्रेटरी मुलीचा परवा फोन आला.

“काका, नाटक चारला ठेवू की सातला? केटरर विचारतोय.”

“सामना किती वाजता आहे?”

“अजून टीव्हीवाल्यांनी सांगितलं नाही. बारा दिवस आधी सांगतात, नाहीतर सहा.”

“मग सोमवारी बघू.”

“आणि पत्रिकेवर काय छापू?”

मी कॅलेंडरकडे बघत राहिलो. “शनिवार छाप,” म्हटलं, “वेळेची जागा मोकळी सोड.”