मोठ्या टेबलावरची शिदोरी

मालवण तालुक्यातील कट्टा हे बाजारपेठेचे गाव. तेथील एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा बी.कॉम.साठी मुंबईला गेला आणि अभ्यास सांभाळून तीन वर्षे स्नूकर खेळला. गावी परतल्यावर मालवणात पर्यटकांसाठी मांडलेल्या पूलच्या टेबलावर तो धाकट्या चुलतभावाशी खेळला आणि लागोपाठ तीन डाव हरला. चुलतभावाचा सारा सराव कॅरमचा आणि त्याच टेबलाचा. घरी हे कळताच वडिलांनी विचारले, "मग मुंबईच्या तीन वर्षांचा उपयोग काय?" मुलाला तो प्रश्न केवळ खेळाचा वाटला नाही.

स्नूकर पूलच्या कामी येते का, याचा जमाखर्च मांडण्यासारखा आहे. स्नूकरचे टेबल १२ फूट लांब व ६ फूट रुंद, तर पूलचे मोठे टेबल ९ फूट लांब व साडेचार फूट रुंद. स्नूकरच्या पॉकेटच्या कडा गोलाकार असल्याने किंचित चुकलेला चेंडूही बाहेर फेकला जातो. पूलचे पॉकेट त्या मानाने उदार. त्यामुळे लांबचा नेम, स्थिर हात, क्यू सरळ नेण्याची सवय आणि पांढरा चेंडू पुढील फटक्याच्या सोयीने थांबवण्याची दृष्टी ही सारी जमेची बाजू.

नावेची बाजूही आहे. स्नूकरचा पहिला फटका लाल चेंडूंना हलकेच स्पर्शून पांढरा चेंडू सुरक्षित परत आणण्यासाठी असतो. पूलमध्ये तोच फटका जोरकस मारून चेंडू विखुरावे लागतात. स्नूकरचा चेंडू साडे-५२ मिलिमीटर व्यासाचा, पूलचा सुमारे ५७. लहान टेबलावर मोठे चेंडू म्हणजे दाटी आली, आणि दाटीतून वाट काढणे हे निराळे कौशल्य. मुलगा पहिलाच फटका जपून मारी आणि तेथेच फसे.

थोरांचे दाखले मात्र आश्वासक आहेत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्नूकरचे राष्ट्रीय विजेतेपदही त्यांनी पाच वेळा मिळवले. इंग्लंडच्या ॲलिसन फिशर स्नूकरमधील जगज्जेत्या. १९९५ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, पूलकडे वळल्या आणि पुढच्याच वर्षी नाइन-बॉलमध्ये जगज्जेत्या ठरल्या. जुनी शिस्त त्यांनी टाकली नाही. पण नव्या टेबलाची रीत त्यांना शिकावीच लागली.

मुलानेही अखेर संकोच सोडला आणि चुलतभावालाच पहिला फटका शिकवण्याची विनंती केली. दिवाळीपर्यंत सातांपैकी चार डाव तो जिंकू लागला.

त्याच सुमारास वडिलांनी उधारीची वही त्याच्या हाती दिली. महाविद्यालयात शिकलेल्या पद्धतीने त्याने थकबाकीची यादी चोख तयार केली आणि सर्वांना एकाच तारखेला तगादा लावण्याचे ठरवले. पण या वेळी तो आधी वडिलांजवळ जाऊन बसला. कोणाचे पैसे आंबा उतरल्यावर येतात, कोणाचे काजूचा हंगाम आटोपल्यावर, हे त्याने एकेक नाव वाचून विचारून घेतले आणि यादीत प्रत्येकापुढे पेन्सिलीने महिना लिहिला.

त्यानंतर वडिलांनी तीन वर्षांचा उपयोग पुन्हा विचारला नाही.