कुणाच्याच नावावर नसलेली मेमरी

गेल्या वर्षी रमजानच्या आधी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोनवर नको ते बोलले. त्याची ही हकीकत. तिच्यात संगणकाचा भाग बराच येईल, पण मला समजला तेवढाच सांगते. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. सर्व्हर हा शब्द माझ्या तोंडी यायचा तो पगारबिल अडकल्यावरच, तोही "डाऊन" या शब्दाबरोबर.

मुलगा सांगलीचाच, आमच्या शाळेत शिकलेला. वडिलांचा मिरजेत फळांचा गाडा. बारावीनंतर त्यानं हार्डवेअरचा कोर्स केला. माझ्या बहिणीचा मुलगा साताऱ्यात एका हॉस्पिटलचा संगणक विभाग सांभाळतो. त्याच्या कानावर मी घातलं, "गरिबाचं पोर आहे, पण हात चांगला आहे." ठेकेदारामार्फत मुलगा रात्रपाळीला लागला. अकरानंतर एक्स-रे आणि स्कॅनच्या फायलींची नक्कल दुसऱ्या यंत्रावर उतरवायची, प्रिंटर बघायचे, सकाळी वहीत नोंद करायची, एवढं काम.

तिथे दोन मोठे सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात सात-आठ आभासी सर्व्हर. भाच्यानं मला समजावलं ते असं : वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. बिलाचं बिऱ्हाड वेगळं, लॅबचं वेगळं, औषधांचं वेगळं. प्रत्येकाला वाटतं आपलं घर स्वतंत्र आहे, पण जमीन एकच आणि रस्त्यावर उघडणारा दरवाजाही एकच. तो दरवाजा म्हणजे नेटवर्क कार्ड. दरवाज्यावर बसून आलं-गेलं बघणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर.

तर दर आठ-दहा दिवसांनी यातला एक वाडा सुस्तावायचा. बिलाच्या खिडकीवर पडदा गोठायचा, लॅबचे रिपोर्ट निघायचे नाहीत. एकेक बिऱ्हाड बंद करून चालू केलं तरी फरक नाही. अख्खा सर्व्हर बंद करून सुरू केला की पुन्हा आठवडाभर ठीक. एकदा हे सोमवारी सकाळी ओपीडीच्या वेळेला झालं आणि रांग फाटकाबाहेर गेली. मग व्यवस्थापनानं वह्या मागवल्या. निघालं काय, तर प्रत्येक वेळी आदल्या रात्री या मुलानं फायलींची मोठी नक्कल केलेली. ठेकेदाराला निरोप गेला, हा मुलगा उद्यापासून पाठवू नका. भाचा गप्प बसला. त्यालाही तोवर दुसरं काही सापडलं नव्हतं.

मुलाचा मला फोन आला. "आपा, मी सांगितलं तेवढंच करत होतो." आणि मी, वर्गात पंचवीस वर्षांच्या सवयीनं, विचारलं, "मग दर वेळी तुझ्याच रात्रीनंतर कसं होतं? लपवू नकोस. कबूल कर, मी पुढचं बघते." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग "जी आपा" म्हणाला आणि फोन ठेवला. मी शब्द टाकलेला होता. माझी लाज मला त्याच्या खरेपणापेक्षा मोठी वाटली, हे आता लिहायला हरकत नाही.

तो गेल्यावर हॉस्पिटलनं नक्कल काही दिवस थांबवली. सर्व्हर शांत झाले. सगळ्यांची खात्री पटली, माझीही. मग दुसऱ्या माणसानं तेच काम सुरू केलं आणि नवव्या दिवशी सर्व्हर पुन्हा बसला.

रमजानच्या एका शनिवारी भाचा कोयना एक्स्प्रेसनं सांगलीला आला. इफ्तारच्या वेळी बोलला नाही. तरावीहहून परत आल्यावर त्यानं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि घरूनच साताऱ्याच्या सर्व्हरला जोडून घेतलं. समोर मी नववीचे पेपर तपासत होते. बाराच्या सुमाराला म्हणाला, "खाला, नामच नई है किसी का."

पडद्यावर चालू प्रोग्रॅमची यादी होती, प्रत्येकापुढे त्यानं घेतलेली मेमरी. सगळ्यांची बेरीज केली तरी भरलेल्या मेमरीच्या कितीतरी कमी येत होती. मधली मेमरी कुणी तरी वापरत होतं, पण यादीत त्याचं नाव नव्हतं. विंडोजच्या गाभ्याचा एक राखीव साठा असतो, त्याला नॉनपेज्ड पूल म्हणतात. यातली मेमरी डिस्कवर हलवून जागा करता येत नाही. ती कायम खऱ्या मेमरीतच राहते. ड्रायव्हर इथूनच उचल करतात आणि काम झालं की परत करतात. परत केली नाही तर मालकाच्या हे लक्षातही येत नाही, कारण सर्व्हर बंद होईपर्यंत कोणी हिशेब मागत नाही.

त्या साठ्याची वही दाखवणारं पूलमॉन नावाचं मायक्रोसॉफ्टचं साधन आहे. ते उघडल्यावर मात्र मी पेपर बाजूला सारले, कारण हे मला वाचता येत होतं. शाळेच्या ग्रंथालयाचं रजिस्टर माझ्याकडे असतं. त्यात असेच रकाने आहेत. किती वेळा दिली, किती वेळा परत आली, बाकी किती. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चार अक्षरांची खूण, म्हणजे उचल करणाऱ्याची सही. ही खूण प्रोग्रॅम लिहिणारे बहुधा उलटी लिहितात, कारण यंत्र ती उलट क्रमानं साठवतं आणि मग पडद्यावर सुलटी दिसते. सकाळच्या तासाला उजवीकडून आणि दुपारच्या तासाला डावीकडून लिहिणाऱ्या बाईला याचं हसू आलं. भाच्याला आलं नाही.

एका खुणेची बाकी इतरांच्या कितीतरी पट होती. पण नुसती मोठी बाकी हा गुन्हा नव्हे. कुणाला खरोखरच जास्त लागत असेल. ती वाढते का, कशानं वाढते, ते बघायला हवं होतं. सांगलीच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आम्ही रात्रभर एकमेकांना एकच प्रश्न विचारत होतो, किती फूट, आणि तासापूर्वी किती होतं? तसंच केलं. भाच्यानं तिथल्या माणसाला नक्कल सुरू करायला सांगितली आणि दर अर्ध्या तासानं तो आकडा सांगू लागला. मी तपासलेल्या पेपरांच्या यादीमागे लिहीत गेले. नक्कल चालू, बाकी चढती. मध्ये नक्कल थांबवली, बाकी जागच्या जागी. उतरली मात्र एकदाही नाही. पुन्हा सुरू केली, पुन्हा चढली.

सहरीच्या आधी त्यानं सर्व्हरवरच्या ड्रायव्हरच्या फायलींत ती चार अक्षरं शोधायला लावली. एकाच फायलीत सापडली, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये. म्हणजे मुलगा फायली दरवाज्यातून नेत होता आणि प्रत्येक खेपेला दरवाज्यावरचा माणूस थोडी मेमरी उचलून ठेवत होता. खेपा जास्त, तितकी बाकी जास्त. वहीतल्या तारखा खऱ्याच होत्या.

मी लगेच फोन करायला निघाले होते. भाच्यानं थांबवलं. खूण एका फायलीत सापडली म्हणून दोष तिचाच, हे अजून ठरलं नव्हतं. आपण एकदा असंच घाईनं ठरवलंय, असं तो म्हणाला आणि ते मला लागलं. त्यानं साताऱ्याला परत जाऊन एकाच सर्व्हरचा ड्रायव्हर बदलला, दुसऱ्याचा मुद्दाम जुना ठेवला. मग दोन्ही बंद करून नव्यानं सुरू केले आणि दोन्हींवर सारख्याच आकाराची नक्कल आठवडाभर चालवली. रोज रात्री तरावीहनंतर तो मला दोन आकडे सांगायचा. नव्या ड्रायव्हरची बाकी नक्कल चालू असताना चढायची आणि सकाळपर्यंत उतरायची. जुन्याची रोज थोडी वरच. आठव्या दिवशी त्यानं दुसराही बदलला.

हा दोष काही नवा नाही. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेनं ऑक्टोबर १९९२ मध्ये गाड्या पाठवण्यासाठी संगणक बसवला आणि ४ नोव्हेंबरच्या पहाटे तो बंद पडला. चौकशीत दिसलं की सुमारे तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या बदलात कोडचा एक तुकडा चुकून राहून गेला होता. गाडी पाठवली की दर वेळी थोडी मेमरी घेतली जायची, परत व्हायची नाही. म्हणजे जितक्या गाड्या धावल्या, तितकं यंत्र बंद पडण्याच्या जवळ आलं. त्या रात्री पाळीवर जे कोण असतील, त्यांच्याकडे पहिल्यांदा कसं बघितलं गेलं असेल याचा मी आता विचार करते. पूर्वी केला नसता.

मुलाला फोनवर सांगावंसं वाटेना. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मी मिरजेला गेले. इफ्तारच्या गर्दीत तो वडिलांच्या गाड्यावर कलिंगडं कापत होता. मी बाजूला बोलावलं, सगळं सांगितलं, माफी मागितली. तो "राहू द्या आपा" म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "मी गेल्यावर किती दिवसांनी बसला?" मी म्हटलं, नक्कल सुरू झाल्यावर नवव्या दिवशी. त्यानं मान हलवली आणि मला एक फोड दिली. अजान व्हायची होती. मी ती हातात धरून उभी राहिले.

हॉस्पिटल त्याला परत घ्यायला तयार झालं, त्याच ठेकेदाराकडून, त्याच पगारावर. तो म्हणाला, आधी लेखी द्या. भाच्यानं मसुदा केला, मराठीत, आणि शुद्धलेखनासाठी माझ्याकडे पाठवला. त्यात होतं, "गैरसमजातून सेवा थांबवण्यात आली." मी मुलाला वाचून दाखवलं. गैरसमज हा शब्द त्याला नको होता, चूक हवा होता. मी बदल करून पाठवला.

ईद झाली, शाळेला सुट्टी लागली, शाळा पुन्हा सुरू झाली. मुलगा सांगलीत एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करतो. पत्र साताऱ्यातच आहे, त्या एका शब्दावर सही व्हायची आहे. भाचा दर सोमवारी विचारतो आणि मी दर सोमवारी भाच्याला.