महाडच्या भाषणाची ताकद कशात आहे?

नागरी हक्कांच्या गाजलेल्या भाषणांचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३चे वॉशिंग्टनमधले भाषण हटकून आठवते. वक्तृत्वाचा अभ्यासक म्हणून मला मात्र २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या सत्याग्रह परिषदेत केलेले भाषण अधिक अवघड कामगिरीचे वाटते. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. किंग यांच्यापाशी एक लेखी वचन होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने माणसे समान ठरवली होती, म्हणून न वटलेल्या चेकचा दाखला देऊन त्यांना थेट वसुलीलाच उभे राहता आले. बाबासाहेबांना आधी ते वचनच लिहायचे होते.

यावर कोणी म्हणेल, बोले ठराव होताच की! होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचे जाहीरही केले. पण २० मार्च १९२७ रोजी लोकांनी खरोखरच तळ्याचे पाणी प्यायल्यावर त्यांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बहुमताने दिलेले बहुमताने काढून घेता येते, याचा इतका रोकडा पुरावा दुसरा नसेल. म्हणूनच डिसेंबरच्या भाषणात ठराव हा मुख्य आधार नाही.

भाषणाची बांधणी पाहण्यासारखी आहे. हे पाणी प्यालो म्हणून आपण अमर होणार नाही आणि आजवर प्यालो नाही म्हणून मेलोही नाही, असे सांगून बाबासाहेब आधी पाण्याचे मोलच उतरवतात. तळ्यावर जायचे ते आपणही माणसेच आहोत हे सिद्ध करायला. मग ते श्रोत्यांना १७८९च्या व्हर्सायला, फ्रेंच राष्ट्रीय सभेत नेतात आणि ही परिषद त्या सभेसारखीच असल्याचे सांगतात. कोकणातल्या कष्टकऱ्यांना फ्रान्सचे काय, हा आक्षेप मला वरवरचा वाटतो. त्या पट्ट्यात फौजेतले पेन्शनर बरेच होते, बाहेरचे जग त्यांना अगदीच अनोळखी नव्हते. शिवाय या तुलनेने सभेचा दर्जाच बदलला. अर्ज करायला जमलेले लोक नियम घालून देणारी सभा झाले. याच परिषदेने माणसे जन्मतः समान असल्याचा जाहीरनामा संमत केला आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

खरा आक्षेप वेगळा आहे: एवढे बोलून पाणी कुठे प्यायले? कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता, कलेक्टरांनी परिषदेत येऊन समजावले आणि सत्याग्रह तहकूब झाला. तुरुंगात जायच्या तयारीने आलेल्या हजारोंनी ते मानले. नेत्याच्या शब्दाला वजन होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मागणी निव्वळ पाण्याची असती, तर मागे फिरणे ही सपशेल हारच ठरली असती. समतेचा दावा कोर्टाच्या तारखेसाठी थांबू शकतो, कारण तो तळ्याच्या काठावर संपत नाही. भाषणाची ताकद मी इथे मोजतो, टाळ्यांत नाही.

कोर्टाचा निकालही हेच सांगतो. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने कौल दिला. पण अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्याच मुद्द्यावर. ती रूढी मुळात अन्यायाची आहे का, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. पाणी मिळाले, तत्त्व बाकी राहिले. ते कायद्यात यायला १९५० उजाडले. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात सार्वजनिक विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे.